टीव्हीमागची जळमटं

"बंद करा! अहो बंद करा ते!"

अण्णा ओरडले तोवर उशीर झाला होता. ड्रिल भिंतीत गपकन आत गेलं, दह्यात बोट जावं तसं, आणि आमच्या हॉलच्या भिंतीतली एक अख्खी वीट पलीकडं जाऊन धाडकन पडली. तिच्या मागोमाग दुसरी. मग पलीकडनं स्टीलचं कायतरी गडगडत गेलं, फरशीवर गोल गोल फिरलं आणि थांबलं.

टीव्ही बसवायला आलेले शिकलगार, पन्नाशीचे, जाड चष्म्याचे गृहस्थ, ड्रिल तसंच हातात धरून उभे. चष्म्यावर लाल धूळ. त्यांनी चष्मा पुसला, भोकाकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "पलीकडं कोण राहतंय?"

"शेजारी," अण्णा म्हणाले.

आता हे शेजारी म्हणजे कोण, ते आधी ऐका, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. शेजारी म्हणजे अण्णांचा सख्खा मोठा भाऊ. माझा काका, नेमगोंडा मगदूम. आणि काकाची बायको म्हणजे माझ्या आईची सख्खी थोरली बहीण, शकूमावशी. दोन भावांना दोन बहिणी दिल्या होत्या. एकाच मांडवात, एकाच दिवशी. आमच्या आजोबांना वाटलं असणार, घर कधी फुटायचं नाही. फुटलं की! आणि कशावरनं? जयसिंगपूरच्या अकराव्या गल्लीत त्या दोघांनी घराला नवा रंग दिला आणि दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव वर घालायचं, यावरनं. काका म्हणाला मी थोरला. अण्णा म्हणाले रंगाचे पैसे मी घातलेत. सहा महिने पाटीच नव्हती, पोस्टमन चुकायचा. सातव्या महिन्यात घरात मधोमध भिंत आली. म्हणजे भिंत जुनीच होती, मधलं दार तेवढं विटांनी बुजवलं. मग दोघांनी दोन पाट्या लावल्या, सारख्या मापाच्या. पट्टी लावून बघितल्या होत्या, मी होतो तिथं.

तर सहा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. स्वतः बोलत नव्हते ते नव्हते, वर अण्णांनी आईला शपथ घातली. "तिच्या दारात पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." काकानं मावशीला तीच घातली असणार, कारण दोघांचं डोकं एकाच कंपनीचं. पंप दुरुस्तीचं दुकान चालवतात दोघंही, अर्धं अर्धं, आणि गिऱ्हाईक याच्याकडनं त्याच्याकडं गेलं की दोघंही पाणी शिंपडतात उंबऱ्यावर. मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला या माणसांची इतकी लाज वाटायची, इतकी, की मित्रांना घरी आणायचो नाही.

आणि टीव्ही का घेतला? मॅच बघायला? छे! पाडव्याला पलीकडं पंचावन्न इंची आला. अण्णांनी भिंतीला कान लावून ऐकलं. खरंच लावून. मग शोरूमला गेल्यावर सेल्समननं विचारलं, "साहेब, केवढा बघायचा?" तर अण्णा म्हणाले, "पंचावन्नच्या पुढचा." बजेट नाही, कंपनी नाही, काही नाही. पासष्ट इंची घेतला. आणि तोही याच भिंतीवर लावायचा. मी म्हटलं, "अण्णा, समोरच्या भिंतीवर लावू, खिडकीचा उजेड पडणार नाही." तर म्हणाले, "आवाज कुठं जाणार मग?" आवाज पलीकडं जायला पाहिजे होता, कळलं का? म्हणून ही भिंत. आणि शिकलगारांनी स्टँडसाठी नेमकं त्या बुजवलेल्या दारावर भोक मारलं.

हां, तर भोक.

भोकातनं आधी थोडा उजेड आला. मग एक डोळा आला. मग अर्धी मिशी.

"कोण मुडदा भिंत फोडतोय रे?"

सहा वर्षांनी पहिलं वाक्य. मला वाटलेलं, कधीतरी बोलतील तेव्हा निदान जेवलास का तरी विचारतील.

"तोंड सांभाळून बोल," अण्णा भोकाशी वाकले. "भिंत माझी हाय."

"अर्धी!"

"अर्धी कशी? विटा कुणी आणल्या?"

"आणि सिमेंट कुणी दिलं?"

शिकलगारांनी बोटानं भोकाची कड खरवडली, चिमटीत घेऊन बघितलं. "सिमेंट कुठं दिसंना मला. मातीच हाय ही."

मी हसलो, अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी हसू गिळलं. भांडताना तोंड फाटेस्तोवर भांडले आणि भिंत घातली चिखलाची! 

"मातीचं आम्हाला सांगू नका," भोकातनं काका म्हणाला. "भोक तू पाडलंस, भूपाल. गवंडी बोलाव आणि बुजव."

"विटा तुझ्या घरात पडल्यात. तुझ्याकडं आहे मटेरियल. तू बुजव."

"मी बुजवू? तू पाडायचं आणि मी बुजवायचं?"

"मग राहू दे. मला काय. मी टीव्ही लावणार, माझ्याकडचं झाकलं. तू बस भोक बघत."

"मी पण कॅलेंडर लावतो! बघतोच कोण बुजवतंय ते!"

मिशी गेली. डोळा गेला. आणि त्या भोकातनं मला पलीकडची खोली दिसली, दोन विटांएवढी. मावशी खाली बसून विटांचे तुकडे सुपलीत भरत होती. लवंडलेला तांब्या तिच्या पायाशी. तिनं एकदाही वर बघितलं नाही.

मी वळून आईकडं बघितलं. आई पण केरसुणी घेऊन अलीकडची धूळ गोळा करत होती. सख्ख्या बहिणी, सहा वर्षांनी चार इंचांवर, मधी भिंत नाही, नवरे आपापल्या कोपऱ्यात जाऊन धुसफुसतायत, आणि ह्या दोघी केर काढतायत! मला आईचा पण राग आला. अण्णा मूर्ख होतेच, पण हिला निदान मान वर करायला काय झालं होतं? इतकं कसं माणूस मेलेलं असतं, असं माझ्या डोक्यात आलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

"आता असंय," शिकलगार म्हणाले, "मधी टीव्ही बसायचा नाही. ही नुसती भरलेली दाराची जागा, वजन धरायची नाही. समोरच्या भिंतीवर घ्या."

"इथंच पाहिजे," अण्णा.

"पडला तर माझ्या नावानं शिमगा करू नका मग."

तेव्हा आई बोलली. केर तसाच सुपलीत धरून, पदर खांद्यावर ओढून. "दादा, दुकानात तो एक स्टँड होता बघा. पुढं ओढला की पुढं येणारा, बाजूला वळणारा. हातासारखा."

मला एकदम चीड आली. कारण शोरूममध्ये तिनं त्या स्टँडला हात लावून बघितला होता, पुढं ओढ, मागं ढकल, पुढं ओढ, लहान पोरासारखं, आणि सेल्समन हसत होता. मी तिथं तिला म्हटलं होतं, "आई, सोड ते. ते ऑफिसवाल्यांचं असतं. तुला साधा रिमोट कळत नाही." आणि आता परत तेच.

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"थांब की," शिकलगार म्हणाले. त्यांनी भिंतीवर टकटक करत उजवीकडं सरकत नेलं, आवाज बदलला तिथं थांबले. "वहिनींचं डोकं चाललं. पाठीची पट्टी इथं जुन्या भिंतीत मारतो, ही नऊ इंची हाय, हत्ती बांधा. आणि हात लांब करून टीव्ही मधी आणतो. भोक बी झाकतंय."

"भिंतीपासनं लांब राहील ना तो," मी म्हटलं. "फूटभर पुढं येईल. घाण दिसेल. त्यापेक्षा गवंडी बोलावून..."

"गवंडी आणायचा नाही!" अण्णा कडाडले. "मी बुजवायचं म्हणजे मी पाडलं असं होतंय. तो बुजवील. लाव तो हातवाला."

"आणि मागची जळमटं पण काढता येतात," आई म्हणाली. "ओढला, झाडलं, ढकलला."

मी कपाळावर हात मारला. अख्खी भिंत फुटलीय, घराचा तमाशा झालाय, आणि हिला जळमटं!

शिकलगारांनी दुकानातनं तो स्टँड आणला आणि चारला टीव्ही लागला. खरंच देखणा होता, खोटं कशाला बोलू. अण्णांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, काचेवर बोटभर ठिपका लावला, तो पुसायला मीच धावलो. मग आवाज शंभरवर नेऊन बातम्या लावल्या. पाच मिनिटांत पलीकडनं भजनं, तीही शंभरवर. बातम्यांत पूर आलेला, मागनं टाळ. अण्णा खुशीत पाय हलवत होते.

मी बॅग उचलली आणि कट्ट्यावर तुमच्यात येऊन बसलो. तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं, पण लाज वाटली.

मग बरोबर तीन आठवड्यांनी, गुरुवार होता, प्रॅक्टिकल रद्द झालं. मी सव्वातीनला घरी. अण्णा या वेळी दुकानात असतात, काकाही. दार नुसतं लोटलेलं. मी चपला बाहेर काढल्या, दार ढकललं, आणि तिथंच थांबलो.

टीव्ही भिंतीवर नव्हता. म्हणजे होता, पण दारासारखा उघडलेला. एका बाजूनं पार ओढून बाहेर आणलेला, त्याची पाठ, त्या सगळ्या वायरी, सगळं दिसत होतं. आणि त्या उघड्या दाराआड आई स्वयंपाकघरातलं उंच स्टूल घेऊन बसली होती. पाठमोरी. हातात कपबशी. भोकातनं एक हात बाहेर आलेला, हिरव्या बांगड्यांचा, त्या हातात वाटी.

"घे, चाखून बघ," भोकातला आवाज. "मीठ कमी वाटतंय मला."

आईनं बोट बुडवलं. "मीठ बरोबर हाय. गूळ कमी पडलाय. तू दरवेळी गुळाला हात आखडतीस, शके."

"तुझ्या भावजींना साखर झालीय."

"त्यांना झालीय. तुला न्हाई झाली."

आणि दोघी हसल्या. मी माझ्या आईला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. नाकातनं, फिस्सकन, कॉलेजच्या पोरींसारखं. पलीकडं कॅलेंडर गुंडाळून वर कपड्याच्या चिमट्यानं अडकवलेलं दिसत होतं, दूध संघाचं.

"काल आमचे काय म्हणाले माहितीय?" मावशी म्हणाली, आणि काकाचा आवाज काढला, हुबेहूब. "'भूपाल बुजवल्याशिवाय मी जागचा हलायचा न्हाई.'"

"आमचे म्हणतात," आईनं छाती पुढं काढली, पोट आत घेतलं, अण्णाच दिसायला लागली ती, "'आपण न्हाई हरायचं.'"

परत फिस्सकन. आई डोळे पुसायला लागली पदरानं.

मला पण हसू येत होतं. दारात उभा राहून मी तोंडावर हात धरला होता. मनात म्हणत होतो, वा रे पठ्ठ्या! तिच्या दारात पाय ठेवायचा नाही म्हणाले होते ना अण्णा? नाही ठेवला. सहा वर्षांत एकदाही नाही. शपथेला धक्का नाही. आणि त्यांच्याच पैशानं, त्यांच्याच हट्टानं आलेल्या पासष्ट इंची टीव्हीचं दार करून बसलीय बाई! पुढं जाऊन सांगावं असं वाटलं, की आई, मी आहे तुझ्या बाजूनं.

तेवढ्यात मावशीनं विचारलं, "आणि सम्मेद? अभ्यास करतोय का?"

आईनं चहाचा घोट घेतला. "करतोय. हुशार हाय." मग थोडं थांबली. "पण बापावर गेलंय गं पोरगं. चार लोकांत मला म्हणतंय, तुला रिमोट कळत नाही. त्यांच्यासारखंच, तोंड वाकडं करून."

"लहान हाय अजून."

"हे पण लहानच होते की, लग्न झालं तेव्हा."

यावर दोघी हसल्या नाहीत.

मी मागच्या पावली बाहेर आलो. चपला घातल्या. गेटपर्यंत गेलो. मग गेट धाडकन आपटलं, मोठ्यानं खाकरलो, शेजारच्या कुत्र्याला उगाच हाड म्हटलं, आणि चपला फरफटत आलो.

आत आलो तर टीव्ही जागच्या जागी. आई स्टुलावर, समोर काळाकुट्ट पडदा, हातात रिकामी कपबशी.

"काय बघतीस?" मी विचारलं.

"काय न्हाई." तिनं रिमोट माझ्यापुढं केला. "मला लागंना हा. तूच लाव बाबा."

रिमोट उलटा धरला होता तिनं. मुद्दाम. माझ्याकडं बघत होती, चेहरा एकदम भोळा. मी रिमोट घेतला, टीव्ही लावला, आणि एक शब्द बोललो नाही. तुम्ही मला विचारता ना, तू घरी एवढा शांत का असतोस? त्या दिवसापासनं.

आता शेवटचं. त्याच महिन्यात भारताची फायनल होती. अण्णांनी अर्धी गल्ली बोलावली. आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळं साडेसहालाच सगळे ढेकर देत सतरंजीवर. त्यात बाळगोंडा पाटील, अण्णांचा शाळेपासूनचा दोस्त, तोंडाचा फाटका. तो आला, टीव्हीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, वाकून मागं बघितलं आणि म्हणाला, "भूपाल, टीव्ही एवढा पुढं का आलाय रे? दिवस गेलेत का त्याला?"

अख्खा हॉल हसला. अण्णा पण हसले, पण कान लाल. मॅच जिंकलो, लोक नाचले, अण्णा सोफ्यावर बसूनच. लोक गेल्यावर म्हणाले, "सम्मेद, उद्या त्या शिकलगाराला फोन लाव. सपाट बसवायचा हा. भिंतीला चिकटून. मरू दे ते भोक, गवंडी आणतो, पक्कं सिमेंट भरतो एकदाचं."

आई सतरंजीची घडी घालत होती. तिचे हात थांबले. नुसते थांबले, बाकी काही नाही. मग तिनं घडी उलगडली आणि परत पहिल्यापासनं घालायला लागली.

ती काही बोलणार नव्हती. बोलली तर अण्णा विचारणार, का. आणि का म्हटलं की संपलं.

समजावून उपयोग नव्हता, अण्णांना आजवर कुणी समजावलेलं नाही. मग मी काय केलं माहितीय? तोंड वाकडं केलं. अगदी त्यांच्यासारखं, बापावर गेल्यासारखं.

"बुजवा की," मी म्हटलं. "काका वाटच बघतोय."

"काय?"

"परवा पानपट्टीवर सांगत होता लोकांना. 'भूपालच बुजवणार. महिना पण टिकायचा नाही.' तुम्ही उद्या गवंडी आणला की गल्लीत पेढे वाटेल तो."

सगळं खोटं. काकाला मी पानपट्टीवर कधी बघितलेलं पण नव्हतं.

अण्णा सोफ्यावरनं उठले. "असं म्हणाला?"

"मला काय. बुजवायचं तर बुजवा. तसंही आपणच पाडलंय."

"कोण म्हणतंय आपण पाडलंय!" अण्णांनी भिंतीकडं बोट केलं, त्या पासष्ट इंची पडद्याकडं. "गवंडी या घरात यायचा न्हाई! मी मेलो तरी यायचा न्हाई! आणि त्या बाळगोंडाला सांग, टीव्ही पुढं हाय तो पुढंच राहणार!"

"आणि तसं बघितलं तर," मी म्हटलं, "मागची जळमटं पण काढता येतात."

आईनं चमकून माझ्याकडं बघितलं. मग तिनं ती घडी घातलेली सतरंजी छातीशी धरली, हनुवटी त्यात खुपसली आणि घाईघाईनं आत गेली. तिचे खांदे हलत होते. अण्णांना वाटलं, ती दमलीय.

"आपण न्हाई हरायचं," अण्णा मला म्हणाले आणि पाठीवर थाप मारली. पहिल्यांदाच मारली असेल. मुलगा आपल्यावर गेला म्हणून.

याला आता सात वर्षं झाली. टीव्हीच्या पडद्यावर डाव्या बाजूला एक हिरवी रेघ येते, तरी अण्णा बदलत नाहीत, कारण काढला तर भोक उघडं पडेल. पाहुणे आले की त्यांना अजून सांगतात, "बघा, सात वर्षं झाली, पण त्या माणसानं भोक बुजवलं न्हाई. किती हलकट असावं माणसानं!" पलीकडं काका त्याच्या पाहुण्यांना तेच सांगतो, अगदी याच शब्दांत. मला माहितीय. आई सांगते.

अण्णा अजून हरलेले नाहीत. काकाही नाही. दुपारी तीन ते साडेचार दोघंही दुकानात बसून एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवतात.

त्या वेळेत मी घरी आलो, तर आधी गेट आपटतो.